सोसायटीचे सीसीटीव्ही : कॅमेरा व रेकॉर्डर निवडण्यापासून त्यांची निगा राखण्यापर्यंत

आमच्या बेचाळीस सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पार्किंगमधून एका पावसाळ्यात दोन सायकली चोरीला गेल्या. वॉचमनच्या केबिनमध्ये रेकॉर्डर उघडून बसलो, तेव्हा पडद्यावरील आठही चौकटींत चित्र व्यवस्थित हलत होते. परंतु मागची कोणतीही तारीख निवडली, तरी खालची पट्टी रिकामीच दिसत होती. हार्ड डिस्क मार्चमध्येच बंद पडली होती. रेकॉर्डरने ती सूचना सतत टीं-टीं वाजवून दिलीही होती, पण त्या आवाजाने रात्रपाळीच्या माणसाला त्रास होतो म्हणून कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बझर बंद करून ठेवला होता. पुढे सचिव या नात्याने ही यंत्रणा नव्याने उभी करण्याचे काम माझ्याकडे आले आणि ते करताना जे शिकावे लागले, ते प्रथमच अशी जबाबदारी अंगावर आलेल्या समिती सदस्यांसाठी क्रमाने लिहीत आहे. छोटे दुकान, दवाखाना किंवा स्वतंत्र बंगला यांनाही यातील बहुतेक भाग लागू पडेल.

पहिली पायरी : जागा आणि प्रश्न लिहून काढणे

विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी एक वही घेऊन आवारात दोन फेऱ्या माराव्यात, एक दिवसा आणि एक रात्री अकरानंतर. प्रत्येक जागेसमोर, उद्या काही घडल्यास त्या जागेच्या चित्रणाला आपण कोणता प्रश्न विचारणार आहोत, ते लिहावे. हे प्रश्न साधारण तीनच प्रकारचे निघतात. आत आलेली व्यक्ती कोण, हा पहिला. एखाद्या मोकळ्या जागेत नेमके काय घडले, हा दुसरा. आणि आलेल्या वाहनाचा क्रमांक कोणता, हा तिसरा. पायी येणाऱ्यांचे छोटे फाटक, लिफ्टसमोरची जागा आणि गच्चीचे दार येथे पहिला प्रश्न महत्त्वाचा असतो. पार्किंग, मागील गल्ली आणि मुलांच्या खेळण्याची जागा येथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी पुरते. तिसरा प्रश्न फक्त मुख्य फाटकाचा असतो आणि त्यासाठी वेगळाच कॅमेरा लागतो.

ही यादी हाती नसली, की विक्रेता ‘सोळा कॅमेऱ्यांचे पॅकेज’ पुढे करतो आणि समितीही मग संख्येवरच बोलत राहते. आमच्याकडे जुन्या आठ कॅमेऱ्यांपैकी पाच एकाच पार्किंगकडे पाहत होते, तर छोट्या फाटकासमोर एकही नव्हता.

दुसरी पायरी : चेहरा किती ठिपक्यांचा हवा, ते ठरवणे

नवख्या माणसाची सर्वांत मोठी फसगत येथेच होते, म्हणून या पायरीवर थोडे थांबावे लागेल. कॅमेऱ्याच्या खोक्यावर २, ४, ५ किंवा ८ मेगापिक्सेल असे लिहिलेले असते. २ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके (पिक्सेल) असतात, ४ मेगापिक्सेलच्या चित्रात बहुधा २५६० आणि ८ मेगापिक्सेलच्या चित्रात ३८४०. परंतु चेहरा ओळखता येईल की नाही, हे या एकूण ठिपक्यांवर ठरत नाही. ते ठिपके किती मीटर रुंदीच्या दृश्यावर पसरले आहेत, यावर ते ठरते. आयईसी ६२६७६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या चौथ्या भागातून रूढ झालेला हिशेब असा आहे, की दृश्याच्या एका मीटर रुंदीला २५ ठिपके मिळाले तर तेथे कोणीतरी आहे एवढे कळते, १२५ मिळाले तर ओळखीचा माणूस ओळखता येतो आणि २५० मिळाले तर अनोळखी माणसाचीही ओळख पटवता येते. माणसाचा चेहरा सुमारे १६ सेंटिमीटर रुंद धरला, तर २५० च्या हिशेबाने चेहऱ्याच्या वाट्याला ४० ठिपके येतात.

आता भागाकार करून पाहावा. १९२० ला २५० ने भागले की साडेसात मीटरच्या आसपास उत्तर येते. याचा अर्थ असा, की २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने अनोळखी चेहरा टिपायचा असेल, तर त्या माणसाच्या ठिकाणी दृश्याची रुंदी साडेसात मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. ४ मेगापिक्सेलला हीच मर्यादा दहा मीटरपर्यंत जाते.

दृश्याची रुंदी लेन्स ठरवते. बाजारात सर्वाधिक खपणारी २.८ मिलिमीटरची लेन्स शंभर अंशांहून अधिक कोनातून पाहते, त्यामुळे दहा मीटर अंतरावर तिचे दृश्य पंचवीस मीटरच्या आसपास पसरते. २ मेगापिक्सेलला तेथे मीटरमागे जेमतेम ७५ ठिपके मिळतात, म्हणजे चेहऱ्याला बारा. पडद्यावर ‘सगळे काही दिसते’ म्हणून समिती खूश होते, आणि प्रत्यक्ष प्रसंगी चेहऱ्याच्या जागी एक तांबूस चौकोन मिळतो. त्याच जागी ६ मिलिमीटरची लेन्स लावली तर दहा मीटरवर दृश्य दहा मीटर रुंद होते आणि ठिपके १९० च्या घरात जातात. १२ मिलिमीटरच्या लेन्सने तेच दृश्य पाच मीटरच्या आत येते आणि ठिपके ४०० च्या आसपास पोहोचतात. कोन बदलता येणारी, म्हणजे व्हेरिफोकल लेन्स थोडी महाग पडते. पण जेथे चेहरा हवा आहे अशा दोन-तीन जागी हा खर्च करावा आणि बाकी ठिकाणी साधी रुंद लेन्स ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तीस हजारांचा एक कॅमेरा आणून तो तिसऱ्या मजल्यावरून सारे आवार ‘कव्हर’ करील, ही कल्पना सोडून द्यावी.

उंचीचाही विचार याच पायरीवर करावा. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा जमिनीपासून अडीच ते तीन मीटरवर असावा. त्याहून वर गेला की टोपी, हेल्मेट आणि टक्कल यांचेच चित्रण होते. हात पोहोचतो म्हणून कोणी कॅमेरा फिरवून ठेवील अशी भीती असेल, तर त्या कॅमेऱ्यावर नजर राहील असा दुसरा कॅमेरा समोर असावा.

गाडीच्या क्रमांकासाठी केवळ ठिपके पुरत नाहीत. रात्री समोरच्या दिव्यांचा झोत थेट लेन्समध्ये शिरतो आणि चालत्या गाडीची पाटी पुसट होते. त्यासाठी शटर उघडे राहण्याचा वेळ सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत किंवा त्याहून कमी ठेवावा लागतो, आणि तसा तो ठेवला की उरलेले चित्र काळवंडते. म्हणून एकच कॅमेरा रात्री चेहराही देईल आणि क्रमांकही देईल, अशी अपेक्षा करू नये. गतिरोधक असलेल्या जागी, पाटीच्या शक्य तितका समोरून पाहणारा एक कॅमेरा केवळ क्रमांकासाठी राखून ठेवावा.

तिसरी पायरी : डीव्हीआर की एनव्हीआर

सध्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत कॅमेऱ्यापासून बीएनसी जोडणीची कोअ‍ॅक्सियल केबल निघते, जिला बाजारात ‘थ्री प्लस वन’ म्हणतात, आणि ती डीव्हीआर या प्रकारच्या रेकॉर्डरला जाते. कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा पुरवठा वेगळ्या पॉवर सप्लायमधून द्यावा लागतो. दुसरीत कॅमेरा स्वतःच चित्र आकडेबद्ध (डिजिटल) करून नेटवर्कच्या केबलवरून एनव्हीआर या प्रकारच्या रेकॉर्डरला पाठवतो, आणि अनेक केबल एकत्र जोडणारा पीओई स्विच वापरला तर त्याच केबलमधून वीजही जाते. पहिली पद्धत स्वस्त आहे आणि चांगल्या केबलवर दोनशे मीटरपलीकडेही चित्र देते. दुसरीत एका केबलची मर्यादा १०० मीटर असते. परंतु चित्राचा दर्जा, लेन्सचे पर्याय आणि पुढे विस्तार करण्याची सोय तिच्यात अधिक आहे.

इमारतीत जुनी केबल सुस्थितीत असेल आणि निधी मर्यादित असेल, तर डीव्हीआरची पद्धत चालू ठेवण्यात कमीपणा मानू नये. नवीन बांधकाम असेल, किंवा केबल नव्याने टाकावीच लागणार असेल, तर नेटवर्कची पद्धत घ्यावी. दोन इमारतींमधील जोडणी मात्र शक्यतो ऑप्टिकल फायबरने करावी, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही आणि एका इमारतीवरील विजेचा धक्का दुसरीतील उपकरणांपर्यंत त्या मार्गाने पोहोचत नाही. वाय-फायवर चालणारे, मेमरी कार्डावर चित्रण साठवणारे छोटे कॅमेरे एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या दिवाणखान्यापुरते ठीक असतात. सामायिक आवारासाठी त्यांचा विचार करू नये.

चौथी पायरी : रात्र, उजेड आणि पाऊस

रात्रीची फेरी मारायची ती याच पायरीसाठी. साधे कॅमेरे अंधारात अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडतात आणि कृष्णधवल चित्र देतात. त्यात शर्टाचा किंवा गाडीचा रंग सांगता येत नाही. पांढरा दिवा असलेले कॅमेरे रात्रीही रंगीत चित्र देतात, पण शेजारच्या खिडकीत उजेड जातो आणि किडे जमतात. माझ्या अनुभवाप्रमाणे छोट्या फाटकावर रात्रभर चालणारा एक साधा एलईडी दिवा लावणे हा महागड्या कॅमेऱ्याहून अधिक उपयोगी खर्च ठरतो.

प्रवेशद्वाराच्या आतून बाहेर पाहणाऱ्या कॅमेऱ्यासमोर दिवसा बाहेरचा लख्ख उजेड आणि आतली सावली अशी दुहेरी अडचण असते, आणि आत येणाऱ्याचा चेहरा काळा पडतो. तेथे उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारी डब्ल्यूडीआर ही सोय असलेला, शक्यतो १२० डेसिबल क्षमतेचा कॅमेरा घ्यावा. उघड्यावरच्या कॅमेऱ्याला धूळ व पाणी रोखण्याचा आयपी ६६ किंवा ६७ दर्जा हवा. घुमटाकार डोम कॅमेरा लिफ्ट आणि जिन्यासाठी चांगला. बाहेर मात्र त्याच्या घुमटावर पावसाचे थेंब आणि धूळ साचते व रात्री अवरक्त किरण त्यावरूनच परततात, म्हणून बाहेर नळीच्या आकाराचा बुलेट प्रकारच घ्यावा.

पाचवी पायरी : रेकॉर्डर आणि हार्ड डिस्कचा हिशेब

‘तीस दिवसांचे रेकॉर्डिंग मिळेल’ हे विक्रेत्याचे वाक्य कागदावर मोजून घ्यावे. हिशेब सोपा आहे : सेकंदाला १ मेगाबिट वेगाने अखंड चित्रण केले, तर दिवसाला १०.८ जीबी जागा लागते. एच २६५ या पद्धतीने दाबलेले २ मेगापिक्सेलचे चित्र साधारण २ मेगाबिटमध्ये बसते, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी, जुन्या एच २६४ पद्धतीत त्याच चित्राला जवळपास दुप्पट जागा लागते. बारा कॅमेरे, तीस दिवस आणि २ मेगाबिट असा गुणाकार केला की ७,७७६ जीबी, म्हणजे पावणेआठ टीबी होतात. ८ टीबीची डिस्क येथे काठावर पुरते, म्हणून १० टीबी घ्यावी किंवा दोन डिस्क बसतील असा रेकॉर्डर घ्यावा. स्वस्त रेकॉर्डरमध्ये एकच डिस्क बसते आणि तिच्या क्षमतेलाही मर्यादा असते. ती मर्यादा माहितीपत्रकात पाहूनच पुढे जावे. ४ टीबीची डिस्क रेकॉर्डरवर ३.६ इतकी दिसली तर दुकानदाराशी भांडू नये. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि यंत्र १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

हालचाल झाली तरच चित्रण, ही सोय जागा वाचवते; पण उघड्या आवारात झाडाची फांदी, पाऊस आणि मांजर यांमुळे ती तशीही दिवसभर चालू राहते, आणि नको त्या क्षणी पहिले दोन सेकंद गाळते. फाटक व लिफ्ट येथे अखंड चित्रण ठेवावे, गच्चीच्या दारावर हालचालीपुरते चालेल. सेकंदाला पंधरा चौकटी (फ्रेम) बहुतेक जागांना पुरेशा असतात.

डिस्क मात्र सर्व्हेलन्स श्रेणीचीच घ्यावी. घरच्या संगणकातील डिस्क दिवसातून काही तास चालावी अशा बेताने बनवलेली असते, आणि रेकॉर्डरमधील डिस्कवर वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास लिखाण चालते. डिस्कची हमी अनुक्रमांकावर मिळते, म्हणून बिलावर तो अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि बसवताना डिस्कवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. आमच्या जुन्या यंत्रात नवी म्हणून बसवलेली डिस्क उघडल्यावर संगणकातून काढलेली निघाली होती.

किती दिवसांचे चित्रण ठेवावे, याला सोसायटीपुरते तीस दिवसांचे उत्तर व्यवहार्य आहे, कारण चोरी किंवा वाहनाची खरचट बहुधा आठवडाभरात लक्षात येते. तुलनेसाठी सांगायचे तर पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिलेल्या निर्देशांत १८ महिन्यांची आणि काही झाले तरी एक वर्षाहून कमी नसलेली साठवण अपेक्षिली आहे. तेथे प्रश्नच निराळा आहे.

सहावी पायरी : केबल आणि वीज

कॅमेऱ्याच्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारी कॅमेऱ्याच्या नसतातच, असे मला या कामातून दिसले. ‘दिवसा चित्र उत्तम, रात्री कॅमेरा सारखा बंद-चालू होतो’ ही तक्रार आली, की केबलकडे पाहावे. रात्री अवरक्त दिवे लागले की कॅमेऱ्याचा प्रवाह वाढतो, लांब आणि बारीक तारेत व्होल्टेज गळते, आणि कॅमेरा दम तोडतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून साठ मीटरवर अर्धा अँपिअर प्रवाह नेला, तर जाण्यायेण्यात मिळून दोन व्होल्ट गळतात आणि १२ चे १० उरतात. तार तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर गळती याहून वाढते. ती ओळखण्यासाठी तारेचे टोक ब्लेडने खरवडावे. आत पांढरा धातू दिसला तर ती परत करावी. कोटेशनमध्ये ‘केबल’ एवढाच शब्द असेल, तर तेथे ‘शुद्ध तांबे’ हे शब्द आणि कंपनीचे नाव लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. लांबच्या कॅमेऱ्यासाठी पॉवर सप्लाय त्याच्या जवळच्या जिन्यात बसवणे हाही एक मार्ग आहे. पीओईमध्ये वीज ४८ व्होल्टच्या आसपास जात असल्याने ही अडचण क्वचित येते.

उघड्यावरील प्रत्येक जोड जंक्शन बॉक्समध्ये असावा, आणि बॉक्समध्ये शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोका द्यावा, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत आत न जाता झोक्याच्या टोकावरून खाली टपकते. रेकॉर्डर, स्विच आणि पॉवर सप्लाय यूपीएसवर असावेत व तेथील अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्यावे. बारा कॅमेऱ्यांचा भार दर कॅमेऱ्याला सहा वॅट धरून ७२ वॅट आणि रेकॉर्डर व स्विच मिळून सुमारे शंभर-सव्वाशे वॅट होतो. वीज गेल्यावर किती वेळ ही यंत्रणा चालावी, ते याच आकड्यावरून यूपीएस विक्रेत्याशी ठरवावे. चोर वीज जाण्याची वाट पाहतो असे नाही, पण दिवे गेलेल्या आवारात त्याचे काम सोपे होते, हे खरे.

रेकॉर्डर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू नये. जो फाटकातून आत येईल त्याच्या हाताला तो सहज लागतो, तेथे चहाचा कप असतो आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली उकाडा असतो. संस्थेच्या कार्यालयात किंवा मीटर रूमपासून दूर असलेल्या कोरड्या खोलीत, हवा खेळती राहील अशा कुलूपबंद जाळीच्या कपाटात तो ठेवावा आणि केबिनमध्ये फक्त पडदा द्यावा.

सातवी पायरी : कोटेशन व प्रमाणपत्र

किमान तीन कोटेशने घ्यावीत आणि ती तुलना करण्याजोगी यावीत म्हणून आपली जागा-प्रश्न यादी तिघांनाही सारखीच द्यावी. कॅमेऱ्याचा पूर्ण मॉडेल क्रमांक, लेन्सचे मिलिमीटर, डिस्कची क्षमता, केबलचा प्रकार आणि दर मीटरचा दर यांचे स्वतंत्र रकाने मागावेत. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या किमान अटी घातल्या असून त्यांची अंमलबजावणी एप्रिल २०२५ पासून आहे. त्यानुसार मॉडेलची चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळालेले असावे लागते. निवडलेले मॉडेल एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेच्या प्रमाणित यादीत आहे का, हे विक्रेत्याकडून कागदावर मागावे. ‘जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो’ असे कोणी म्हणाले, तर त्या स्वस्ताईचे कारण बहुधा येथेच सापडते.

पैशांचा शेवटचा हप्ता रोखून धरावा आणि तो रात्रीच्या चाचणीनंतरच द्यावा. समितीतील एका सदस्याने रात्री प्रत्येक कॅमेऱ्यासमोरून नेहमीच्या चालीने जावे आणि दुसऱ्या दिवशी ते चित्रण पेनड्राइव्हवर काढून त्याला न ओळखणाऱ्या कोणाला तरी, त्याच्या छायाचित्राशी ताडून पाहायला सांगावे. विक्रेत्याला ही चाचणी आधीच सांगून ठेवली, की लेन्सची निवड तो स्वतःच नीट करतो.

आठवी पायरी : पासवर्ड आणि शेजाऱ्याची खिडकी

२०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून ताब्यात घेतले, आणि त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्यांच्याच आधारे अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली गेली. आपल्याकडे २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटमधील एका प्रसूतिगृहातले महिला रुग्णांचे चित्रण बाहेर फुटल्याचे उघड झाले. त्यामुळे रेकॉर्डर बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. मुख्य खाते सचिवांकडे असावे, वॉचमनसाठी केवळ थेट चित्र पाहता येईल असे दुय्यम खाते करावे आणि बसवणाऱ्याचे खाते काढून टाकावे. मुख्य पासवर्ड मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या कपाटात ठेवावा, नाहीतर समिती बदलली की रेकॉर्डर रिसेट करण्यासाठी धावाधाव होते. मोबाइलवर पाहण्याची सोय हवीच असेल, तर ती दोन-तीन पदाधिकाऱ्यांपुरतीच ठेवावी. बेचाळीस घरांत ती दिली, की कोणाची मुलगी किती वाजता परतली याच्या चर्चा सुरू होतात, आणि हे मी ऐकीव लिहीत नाही.

कॅमेऱ्याच्या चौकटीत कोणाच्या घराचे दार उघडल्यावर आतील खोली किंवा समोरच्या इमारतीची खिडकी येत असेल, तर रेकॉर्डरमधील प्रायव्हसी मास्क वापरून तेवढा भाग काळा करावा. आवारात चित्रण चालू असल्याची पाटी मराठीत आणि ठळक असावी. बसवण्याचा निर्णय, खर्च आणि चित्रण कोण पाहू शकेल याचा नियम सर्वसाधारण सभेच्या ठरावात लिहिलेला असला, तर पुढचे अर्धे वाद टळतात.

नववी पायरी : निगा

दर आठवड्याला पाच मिनिटांचे एकच काम करायचे : थेट चित्र न पाहता, काल रात्री तीन वाजताचे आणि पंचवीस दिवसांपूर्वीचे चित्रण प्रत्येक कॅमेऱ्यावर उघडून पाहायचे. सायकलींच्या वेळी आम्ही हेच कधी केले नव्हते. सोबतच घड्याळ पाहावे. रेकॉर्डर इंटरनेटला जोडलेला असेल, तर त्याची वेळ आपोआप जुळवणारी एनटीपी सोय चालू ठेवावी. नसेल तर मोबाइलशी ताडून फरक नोंदवहीत लिहावा. वीज गेली की घड्याळ मागे पडत असेल, तर आतील नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असतो आणि तो अगदी थोडक्या पैशांत बदलून मिळतो.

महिन्यातून एकदा मऊ, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने लेन्सवरील काच पुसावी आणि लांब काठीच्या कुंच्याने कोळिष्टके काढावीत. अवरक्त दिव्यांच्या उबेला आणि त्याभोवतीच्या किड्यांना कोळी भुलतात, आणि रात्री जाळ्याचा एक धागा साऱ्या चित्रावर पांढरा पडदा ओढतो. मे महिन्यात, वळवाचे पाऊस येण्याआधी, सर्व जंक्शन बॉक्स उघडून गंज आणि ओल पाहावी, रबरी पट्ट्या बदलाव्यात आणि फांद्या छाटून घ्याव्यात. जुलैत गुलमोहर कॅमेऱ्यासमोर केव्हा आला हे कळतही नाही. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने बीएनसी जोड लवकर काळवंडतात, तेथे ही तपासणी वर्षातून दोनदा करावी. भाद्रपदात मंडपाचे कापड आणि दिवाळीत आकाशकंदील नेमका फाटकाच्या कॅमेऱ्यासमोर टांगला जातो, याकडे उत्सव समितीचे लक्ष आधीच वेधावे.

रेकॉर्डरच्या आतील पंख्याची धूळ सहा महिन्यांनी काढावी. पालीचे आणि झुरळांचे ते आवडते ठिकाण आहे. डिस्कची प्रकृती सांगणारा स्मार्ट हा तक्ता मेनूमध्ये असतो. त्यात खराब सेक्टरांची संख्या वाढताना दिसली, की बंद पडण्याची वाट न पाहता डिस्क बदलावी. बझर कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये, आणि केबिनमध्ये त्रास होतो अशी तक्रार असेल तर रेकॉर्डर हलवावा. वार्षिक देखभाल करारात डिस्क, पॉवर सप्लाय आणि यूपीएसची बॅटरी समाविष्ट आहे की नाही, तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल, आणि यंत्र दुरुस्तीला नेल्यास बदली यंत्र मिळेल का, हे तीन मुद्दे लिहून घ्यावेत.

दहावी पायरी : प्रसंग आला तर

रेकॉर्डर भरला की सर्वांत जुन्या चित्रणावर नवे लिहिले जाते, म्हणून घटना कळल्याबरोबर पहिले काम प्रत काढण्याचे. पडद्यासमोर मोबाइल धरून केलेले चित्रण आपापसात पाठवायला ठीक असते, परंतु पुराव्याला रेकॉर्डरमधून निर्यात केलेली मूळ फाइलच हवी. घटनेच्या आधीची आणि नंतरची अर्धी घटिका, म्हणजे बारा-पंधरा मिनिटे, जादा घ्यावी, दोन पेनड्राइव्हवर प्रती कराव्यात आणि प्रत काढतानाची रेकॉर्डरची व खरी वेळ शेजारी-शेजारी लिहून ठेवावी.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणाचा प्रश्न होता; त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, मूळ उपकरण हजर केलेले नसेल तर असे प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू असून त्याच्या कलम ६३(४) मधील नमुन्याचे दोन भाग आहेत : पहिला उपकरणाचा ताबा असणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे हॅश मूल्यही लिहावे लागते, म्हणजे फाइलच्या आशयातून गणिताने काढलेली अशी आकडे-अक्षरांची ओळ, जी फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी बदलते. ते संगणकावर विनामूल्य काढता येते आणि प्रत केल्या केल्याच काढून ठेवावे. पोलिसांनी चित्रण मागितल्यास लेखी पत्र घेऊन द्यावे. त्यांनी रेकॉर्डरच ताब्यात घेतला, तर पंचनाम्याची प्रत मागावी, त्यात रेकॉर्डर व डिस्क यांचे अनुक्रमांक आहेत याची खात्री करावी आणि त्याच दिवशी बदली यंत्र बसवावे. एखाद्या रहिवाशाने वैयक्तिक कारणासाठी चित्रण मागितले, तर ते समितीच्या लेखी निर्णयाशिवाय देऊ नये.

शेवटची पायरी जुन्या डिस्कची आहे. रेकॉर्डर बदलताना विक्रेता जुना माल ‘बायबॅक’मध्ये घेतो, आणि त्यात सबंध संस्थेचे महिनाभराचे येणे-जाणे असते. चालू असेल तर डिस्क रेकॉर्डरच्या मेनूमधून फॉरमॅट करून न थांबता संगणकावर पूर्ण पुसून घ्यावी. बंद पडलेली असेल तर पुसता येत नाही. आमची मार्चमध्ये बंद पडलेली डिस्क वायरमनने ड्रिलने तीन ठिकाणी भोके पाडून दिली, तिचा अनुक्रमांक नोंदवहीत खोडला आणि मग ती ई-कचरा नेणाऱ्याच्या पावतीसह रवाना झाली.